वळिवड्याची चूल

कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी १९४३ ते १९४८ या काळात पोलंडच्या सुमारे ५,००० निर्वासितांची वसाहत होती. त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले. पुष्कळांची गावे पूर्व पोलंडातील. १९४०-४१ साली सोव्हिएत सत्तेने त्यांना सैबेरियात व कझाकस्तानात हद्दपार केले. सुटका झाल्यावर ती इराणमार्गे हिंदुस्थानात आली.

वसाहतीत शाळा होत्या, चर्च होते, बालवीरांची पथके होती. परंतु परक्या मुलखात घराला घरपण आले ते आयांमुळे. मुलांच्या तोंडी मातृभाषा आणि मनात आपले सण त्यांनीच टिकविले.

युद्ध संपले, वनवास मात्र सरला नाही. १९४५ साली पोलंडची सरहद्द पश्चिमेकडे सरकली आणि ल्वूव्हसारखी शहरे सोव्हिएत युक्रेनमध्ये गेली. घर जागच्या जागी राहिले, देशच निघून गेला! मग परतावयाचे कोठे? काही पोलंडला गेली, काही इंग्लंडकडे वळली. एका मुलीने मात्र कोल्हापूरच्या मराठी घरात माप ओलांडले आणि वार्धक्यापर्यंत ती तेथेच नांदली. इतिहास तह नोंदवितो. असे संसार नोंदवीत नाही.

पुढे त्याच जागी फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. आजचे गांधीनगर ते हेच. एका निर्वासित आईची चूल विझली, तेथेच दुसरीने आपली पेटविली.