वंशावळीत न सापडणाऱ्या बायका

ग्रंथालयात आपण भगिनी कादंबरी बदलावयास जातो, फार तर मासिके चाळावयास. आपले घराणे शोधावयास कोणी ग्रंथालयात जाते, हे पुष्कळजणींना नवलाचे वाटेल. परंतु पुण्यातील जुन्या ग्रंथालयांत कुलवृत्तांतांचे एक स्वतंत्र कपाट असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, विशेषतः कोकणातून वर आलेल्या घराण्यांनी, कुलमंडळे काढून, गावोगाव पत्रे धाडून, वर्गणी गोळा करून हे ग्रंथ छापले. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, कोणती शाखा देशावर गेली आणि कोणती बडोद्यास वा इंदुरास, असे सारे त्यांत असते. शेवटी घडी घातलेला वंशवृक्ष. तो उलगडावयास दोन माणसांचे टेबल लागते आणि पुन्हा त्याच घडीवर मिटणे तर त्याहून कठीण.

माझ्या आईच्या माहेरचा असा एक ग्रंथ आहे. मी वंशवृक्ष उलगडला, बोटाने फांदी धरीत खाली आले आणि आजोबांच्या नावाशी थांबले. त्यांच्याखाली फांदी नव्हती. नावापुढे एकच शब्द होता, 'निसंतान'. आजोबांना मुलगा नव्हता हे खरे. परंतु मुली दोन होत्या आणि त्यांतील धाकटी माझी आई. निसंतान माणसाची नात त्यांचाच वंशवृक्ष समोर घेऊन बसली होती!

ग्रंथकर्त्यांवर रागावण्यात अर्थ नाही. त्याच ग्रंथाच्या पुढील भागात, जेथे माणसांची माहिती मजकुरात दिली आहे तेथे, पुष्कळांच्या बायकांची माहेरे आणि मुलींची सासरे श्रद्धेने नोंदली आहेत. वृक्षात मात्र त्यांना जागा नाही. हा फरक का पडला, हे समजून घ्यावयाचे तर वंशावळ कशासाठी लिहिली जात असे, ते आधी पाहिले पाहिजे.

वंशावळ ही हौसेची वस्तू नव्हती. तो हक्काचा कागद होता. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने पिढीजात. वतनाचा तंटा उभा राहिला की कैफियत लिहावयाची आणि तिच्याबरोबर मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतची वंशावळ जोडावयाची. इंग्रजांनी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनचे काम बळकट केले, तेव्हा इनामदारांना सनदांबरोबर अशाच वंशावळी पुढे कराव्या लागल्या. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेल्या अशा कागदांची रास आहे. पुढे मुंबई सरकारच्या १८८६ च्या कायद्याने तर स्पष्टच ठरविले, की वतनदार घराण्यात शेवटच्या मालकाची विधवा सोडली तर कोणत्याही स्त्रीचा क्रम घराण्यातील सर्व पुरुषांच्या मागून लागावा. मग दाव्याच्या कागदावर मुलीचे नाव कोण लिहील? दूरचा चुलत चुलत भाऊ सुद्धा तिच्या आधी उभा! ही वतने गेली, कुलकर्ण १९५० च्या आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. कागद मात्र तसेच राहिले आणि त्यांवरून छापलेले वृक्षही.

दुसरी अडचण नावाची. पुरुषाचे नाव बारशापासून सरणापर्यंत एकच. आपल्याकडे लग्नात ताम्हणातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरची मुलगी कागदापुरती नाहीशी झाली. जुन्या कागदांत पुरुषापुढे 'बिन' किंवा 'वलद' येते, म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईपुढे 'कोम', 'जौजे', 'भ्रतार' किंवा 'मर्द' येते. हे शब्द सातबाऱ्यावर वा जुन्या खरेदीखतावर पुष्कळांनी पाहिले असतील. या चारही शब्दांनी एकच गोष्ट कळते, ती म्हणजे नवरा कोण. बाप कोण हे त्यांत सापडत नाही. पेशव्यांच्या घरच्या गोपिकाबाई रास्त्यांच्या आणि राधाबाई बर्व्यांच्या, हे आपण जाणतो, कारण त्या मोठ्यांच्या घरच्या. तुमच्या-माझ्या पणजीचे माहेर असे कोण सांगणार?

तरीही ते काही ठिकाणी सापडते. पहिले ठिकाण घरातच असते. महालयाच्या श्राद्धाची यादी पाहा. तीत बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी यांची नावे घ्यावी लागतात. पुढे आईचे वडील व त्यांच्या वरच्या पिढ्या सपत्नीक येतात, आणि आत्या, मावशी, बहीण याही. सरकारी वंशावळीत ज्यांना जागा नाही त्यांना तिळोदकात आहे. ज्यांच्या घरी अशी यादी जुन्या वहीत वा पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहिलेली असेल, त्यांनी ती रद्दीत देऊ नये.

दुसरे ठिकाण म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे उपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंच्या नामावळी पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की ते आपले बाड काढतात. यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लेख लिहून द्यावयाचा, बरोबर कोण आले, घरी कोण आहेत, भाऊ किती, मुले किती. तेथे दाव्याचे कारण नसते. तीर्थावर आलेले माणूस सर्वांची नावे घालते, कारण पुण्य सर्वांना हवे.

आजोबांचा लेख मला तेथे मिळाला. शके १८५२, म्हणजे १९३०. (शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, फसली साल असेल तर ५९० मिळवावेत.) मोडी मला वाचता येत नाही, उपाध्यायांनीच वाचून दाखविले. समागमे मातुश्री, कुटुंब आणि कन्या दोन, दोघींची नावे घालून. आजीच्या नावामागे 'सौ.' होते. पुढच्या पानावर शके १८६६ चा लेख, तेथे तिच्या नावामागे 'गं. भा.' आले आहे. आजोबा केव्हा गेले हे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हते; या दोन अक्षरांवरून एवढे निश्चित झाले की ते १९३० ते १९४४ च्या दरम्यान गेले. दुसरा लेख मोडीत नाही. जाड, सुटे, बाळबोध अक्षर आहे आणि खाली सही आजीची. दोन्ही मुलींची नावे तिने लिहिली आहेत, माहेरची आधी आणि सासरची नंतर, जावयांच्या गावांसह. माझ्या आईचे माहेरचे नाव मी प्रथम तेथे वाचले.

कोल्हापूर-सांगलीकडील भगिनींना हेळवी माहीत असतील. बैल घेऊन दारी येणारे आणि घराण्याची पिढी म्हणून दाखविणारे ते हेच. त्यांच्या वह्याही पाहण्याजोग्या. अमेरिकेत मुलांकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक सांगते. साल्ट लेक सिटी येथे १८९४ साली स्थापन झालेल्या वंशशास्त्र संस्थेचे मोठे ग्रंथालय आहे. तेथील लोकांनी हरिद्वार आदी तीर्थांच्या पुष्कळ वह्यांच्या फिल्मा घेतल्या. जगभरच्या अशा सुमारे चोवीस लाख गुंडाळ्या संगणकावर चढविण्याचे काम २०२१ साली पुरे झाले. ग्रंथालयात जावयास पैसे पडत नाहीत.

आता हे सारे हौसेपुरते राहिलेले नाही. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी मोडी जाणणाऱ्यांकडे किती धाव घेतली गेली ते आपण पाहिले. मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली (तोही त्या वेळी अविवाहित असणारीला) आणि देशभर २००५ साली मिळाला, तेव्हा वारसनोंदीच्या वंशावळीत तिला गाळणे आता नुसती जुनी रीत म्हणून खपत नाही. मुलांच्या नावात आईचे नाव घालण्याचा निर्णय आपल्या राज्याने २०२४ साली केला आहे.

ज्यांना शोध घ्यावयाचा असेल त्यांनी नाशकास निघण्यापूर्वी घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे. मूळ गाव, जुने आडनाव (पुष्कळ घराण्यांची आडनावे मागाहून बदललेली असतात), कुलदैवत, आणि तिच्या आईचे माहेर, एवढे लिहून घ्यावे. तिचे लग्नापूर्वीचे नाव आवर्जून विचारावे. ती प्रथम लाजेल, मग सांगेल. उपाध्यायांच्या घरी सकाळच्या गर्दीत जाऊ नये, दुपारी चारनंतर जावे. आणि नवा लेख लिहून देण्यास सांगतील तेव्हा लेकी-सुनांची नावे दोन्ही घरांची घालावीत. त्यासाठी वहीत जागा पुरेशी असते.