माळवदाच्या घरात लोखंडी तुळई बसवणे

दगडमातीच्या जुन्या घरांवरील मातीच्या सपाट छताला मराठवाड्यात माळवद म्हणतात. वाळवीने पोखरलेल्या किंवा पोटात वाकलेल्या लाकडी तुळईच्या जागी लोखंडी तुळई, म्हणजे गर्डर, चढवून तेच घर राहते ठेवण्याचे, क्वचित त्यावर माडी उठवण्याचे हे काम आहे. परभणी-हिंगोलीच्या पट्ट्यातल्या जुन्या गावठाणांत ते आजही निघते.

माळवदाची घडण अशी : दगडी उथळ्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, त्यांवर फळ्या किंवा किलचा, मग पाला आणि शेवटी पांढरी माती. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. घर किती खणांचे, यावरून त्याचे माप सांगितले जाते. परभणीच्या उन्हाळ्यात असे घर थंड राहते. मात्र गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी वर नवी माती पडते आणि जुनी कोणी काढत नाही. काही पिढ्यांत थर एक-दोन फुटांवर जातो. घनमीटरभर माती साधारण १.६ टन भरते, म्हणजे फूटभर थराचे दर चौरस मीटरला जवळपास अर्धा टन ओझे. बारा फूट लांबीच्या आणि पाच फुटांचा खण पेलणाऱ्या एका तुळईवर अडीच टनांहून जास्त वजन येते, तेही माती कोरडी असताना.

म्हणून पहिले काम गर्डर आणण्याचे नव्हे, माती उतरवण्याचे. ती एकाच बाजूने काढली तर ओझे कलते आणि जुने सांधे उघडतात. दोन्ही अंगांनी थोडीथोडी काढावी लागते. त्यानंतर जुन्या तुळईच्या दोन्ही बाजूंना, कड्यांखाली, आडव्या लाकडासह टेकू लावतात. टेकूचे पाय सारवलेल्या जमिनीवर थेट टेकवू नयेत, खाली जाड फळी हवी. एका वेळी एकच तुळई सोडवायची.

गर्डर आत नेणे हा खरा पेच. गावठाणातल्या गल्ल्या अरुंद, दरवाजे ठेंगणे आणि वळणावर लांब लोखंड अडते. १५० मिलिमीटर उंचीचा बारा फुटी गर्डर साधारण ५५ किलोचा, चार माणसे तो हातांनी उचलतात. २०० मिलिमीटरचा नव्वदीच्या घरात जातो आणि चेन कप्पी लागते. खण वरून उघडा असेल तर दोरांनी वरूनच उतरवणे सर्वांत सोपे. छत जागेवर ठेवायचे असेल तर गल्लीकडच्या भिंतीला भोक पाडून तो आडवा आत सरकवतात. तिसरी रीत दोन कोनाड्यांची : एका भिंतीतला कोनाडा जास्त खोल ठेवायचा, एक टोक त्यात पूर्ण घालून दुसरे उचलायचे आणि गर्डर समोरच्या कोनाड्यात मागे ओढायचा. तुकडे करून आत जोडायचे झाल्यास सांधा मधोमध येऊ देऊ नये. वाक तिथेच सर्वाधिक असतो. वाळलेला पाला आणि जुने लाकूड डोक्यावर असताना वेल्डिंगपेक्षा पट्ट्या आणि बोल्ट बरे.

टोकांचा प्रश्न लांबीपेक्षा नाजूक आहे. मातीत रचलेल्या भिंतीवर गर्डर थेट ठेवला तर अरुंद जागेवर भार येऊन दगड निसटतात. खाली काँक्रीटचा ठोकळा आणि त्यावर लोखंडी प्लेट हवी. टोकांना गंजरोधक रंग हवा, कारण भिंतीतली ओल आधी तिथेच पोहोचते. पण शक्य असेल तिथे गर्डर भिंतीवर न ठेवता खांबांवरच ठेवावा, हे येथे आग्रहाने नोंदवले पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जाड दगडी भिंती ढासळून आणि मातीची छते कोसळून हजारो माणसे गेली. तरीही अनेक घरांत भिंती पडल्यावरही खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिलेला आढळला. जुन्या सुताराने छताचा भार भिंतीपासून वेगळा ठेवला होता. खांब काढून खोली मोकळी करण्याच्या हौसेत गर्डर भिंतीत रोवला की तेच संरक्षण जाते. भूकंपाचा धोका दूरचा नाही : २०२४ मध्ये मार्च आणि जुलैत हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते परभणी, नांदेडपर्यंत जाणवले. खांब-तुळईच्या कोनात तिरपे आधार देणे आणि गर्डर खांबाला बोल्टने जखडणे हे त्यावरचे स्वस्त उपाय आहेत.

शहरांत याच कामाला संस्थात्मक रूप आले. मुंबईत १९६९ च्या कायद्याने इमारत दुरुस्ती मंडळाची तरतूद झाली. पुढे हे काम म्हाडाकडे आले. १९,६४२ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारतींपैकी कित्येकांत कुजलेल्या लाकडी तुळयांच्या जागी लोखंडी तुळया बसल्या. तिथे निदान अभियंत्याचा नकाशा असतो. गावात गर्डरचे माप बहुधा दुकानात काय शिल्लक आहे त्यावर ठरते. ते खणाची रुंदी आणि मातीची जाडी मोजून ठरवायला हवे.

छत पुन्हा घालताना फळ्यांवर प्लास्टिकचा कागद अंथरून मातीचा थर वीतभराच्या आत ठेवतात आणि पाणी पन्हाळाकडे वाहील असा उतार देतात. पुढे गळती दिसली तर वर भर न घालता तेवढी माती खरवडून नव्याने चोपतात.