नेत्रनियंत्रित ऑटोफोकस

नेत्रनियंत्रित ऑटोफोकस ही छायाचित्रकाराची नजर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये कोठे रोखलेली आहे हे ओळखून फोकस त्याच ठिकाणी नेणारी व्यवस्था होय. जपानमधील कॅनन कंपनीने १९९२ साली ईओएस ५ या फिल्म कॅमेऱ्यात ती आणली. २००४ नंतर कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यांतून ती दिसेनाशी झाली आणि सुमारे सतरा वर्षांनी, २०२१ मध्ये, ईओएस आर३ या डिजिटल कॅमेऱ्यातून परतली. डिजिटल कॅमेऱ्यात या सोयीला खरोखर स्थान आहे काय, याविषयी छायाचित्रकारांत मतभेद आहेत.

या व्यवस्थेची गल्लत पुष्कळदा डोळा ओळखणाऱ्या ऑटोफोकसशी होते. त्यात कॅमेरा समोरच्या व्यक्तीचा किंवा प्राण्याचा डोळा शोधून त्यावर फोकस करतो. येथे डोळा छायाचित्रकाराचा असतो. दोन्ही ठिकाणी ‘आय’ हाच शब्द वापरला जात असल्याने जाहिराती वाचताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

कार्यपद्धती

व्ह्यूफाइंडरच्या नेत्रिकेभोवती अवरक्त किरण सोडणारे छोटे दिवे बसवलेले असतात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. स्वच्छमंडलावरून म्हणजे बुबुळापुढील पारदर्शक पडद्यावरून परावर्तित होणारे त्यांचे ठिपके आणि बाहुलीचे केंद्र यांची प्रतिमा एक संवेदक टिपतो. डोळा वळला की ठिपके आणि बाहुली यांचे परस्परांतील स्थान बदलते व त्यावरून नजरेची दिशा काढता येते.

गणित येथेच संपत नाही. आपण ज्या भागाने सर्वांत स्पष्ट पाहतो तो दृष्टिपटलावरील पीतबिंदू डोळ्याच्या प्रकाशीय अक्षावर नेमका नसतो, काही अंशांनी बाजूला असतो. आणि हे अंतर माणसागणिक वेगळे असते. म्हणून प्रत्येक वापरकर्त्याला आधी ठरावीक खुणांकडे क्रमाने पाहून कॅमेऱ्याला आपल्या डोळ्याची ओळख करून द्यावी लागते. यास कॅलिब्रेशन म्हणतात. उन्हात बाहुली आकुंचन पावते, अंधारात विस्तारते. त्यामुळे निरनिराळ्या प्रकाशात ते पुन्हा केल्यास अचूकता वाढते. चष्म्याच्या काचेवरील परावर्तन, द्विकेंद्री भिंगे आणि कठीण कॉन्टॅक्ट लेन्स यांमुळे मापन बिघडू शकते. ज्यांच्या वयाला चष्मा सुटत नाही त्यांना ही अडचण गौण वाटणार नाही.

फिल्म कॅमेऱ्यांचा काळ

अमेरिकेत ए२ई या नावाने विकल्या गेलेल्या ईओएस ५ मध्ये एका आडव्या ओळीत पाच फोकसबिंदू होते. कॅमेरा उभा धरल्यास नेत्रनियंत्रण चालत नसे. व्ह्यूफाइंडरच्या एका कोपऱ्यातील खुणेकडे पाहिले असता भिंगाचे छिद्र निवडलेल्या मापापर्यंत मिटे आणि चित्रात किती खोलीपर्यंत स्पष्टता येईल हे आधीच दिसे. नजरेने चालणारा हा जणू एक अदृश्य खटकाच होता. पुढे १९९५ च्या ईओएस ५०ई मध्ये तीन, १९९८ च्या ईओएस-३ मध्ये पंचेचाळीस, तर २००० च्या ईओएस ३० मध्ये सात बिंदू होते. २००४ चा ईओएस ३०व्ही हा या मालिकेतील शेवटचा फिल्म कॅमेरा.

एक गोष्ट बोलकी आहे. २००० साली आलेल्या ईओएस-१व्ही या कॅननच्या सर्वोच्च फिल्म कॅमेऱ्यात ईओएस-३ प्रमाणेच पंचेचाळीस बिंदू होते. नेत्रनियंत्रण मात्र नव्हते. कंपनीच्या एकाही डिजिटल एसएलआर कॅमेऱ्यातही ते आले नाही. २००४ च्याच ईओएस २०डी या डिजिटल कॅमेऱ्यात फोकसबिंदू हलवण्यासाठी अंगठ्याने आठ दिशांना ढकलता येणारी छोटी दांडी होती. नऊ बिंदूंसाठी ती पुरेशी होती आणि तिला कॅलिब्रेशन लागत नव्हते.

आक्षेप

चष्मा व कॅलिब्रेशन यांहून मूलगामी आक्षेप नजरेच्या स्वभावावर आहे. डोळा एका जागी ठरत नाही. सेकंदाला साधारण तीन ते चार वेळा तो उडी घेतो. शिवाय छायाचित्रकार केवळ विषयाकडे पाहत नसतो. चौकटीच्या कडा, मागील गर्दी, क्षितिजाचा कल हे सारे तो न्याहाळतो, आणि असे न्याहाळणे हे चांगल्या छायाचित्रकाराचे लक्षणच होय. पाहणे आणि निवडणे यांत भेद न करणारे यंत्र त्याला उलट जखडून टाकते. संगणकशास्त्रात या अडचणीस ‘मिडास स्पर्श’ म्हणतात. ग्रीक कथेतील मिडास राजाने हात लावलेली प्रत्येक वस्तू, अगदी अन्नही, सोने होत असे.

डिजिटल कॅमेऱ्यातील स्थान

हे आक्षेप खरे असले तरी ते प्रामुख्याने जुन्या रचनेला लागू पडतात. पूर्वी नजरेला नेमका बिंदू सांगावा लागे. आता कॅमेरा माणसे, प्राणी व वाहने स्वतः ओळखतो आणि त्यांचा पाठलागही करतो. त्याला एवढेच कळत नाही, की अनेकांपैकी छायाचित्रकाराला कोण हवे आहे. कबड्डीच्या चढाईत एक चढाईपटू आणि सात बचावपटू एकाच चौकटीत असतात. त्यांतील नेमका चेहरा दांडीने गाठेपर्यंत पकड झालेली असते. तेथे नजरेने इशारा द्यावा आणि पुढचे काम यंत्राने करावे, ही वाटणी योग्य आहे. नजर थोडी ढळली तरी जवळचा चेहरा सापडतो, म्हणून मोजमापातील लहान चूक खपून जाते.

दुसरा फरक व्ह्यूफाइंडरचा आहे. आर३ मध्ये आरसा नाही; डोळ्यापुढे इलेक्ट्रॉनिक पडदा असतो आणि कॅमेऱ्याला आपली नजर कोठे वाटते ते नारिंगी वर्तुळाने त्यावर दाखवले जाते. यंत्राचा गैरसमज फोकस करण्याआधीच दिसतो. शटरचे बटन अर्धे दाबल्यावरच ती जागा पक्की होते. त्यामुळे निवड बोटाकडे राहते, आणि बटन दाबेपर्यंत नजर कडांवर फिरवायला मोकळी असते. मिडासचा दोष सर्वस्वी जात नसला तरी पुष्कळ सौम्य होतो.

जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ईओएस आर१ आणि ईओएस आर५ मार्क २ या दोन्ही कॅमेऱ्यांत ही व्यवस्था आहे. आर१ हा कंपनीचा सर्वोच्च कॅमेरा असल्याने, १-व्हीच्या वेळी जे नाकारले गेले ते येथे स्वीकारले गेले असे म्हणता येते. निकॉन व सोनी यांनी मात्र २०२४ पर्यंत आपल्या कॅमेऱ्यांत ही सोय आणलेली नव्हती.

मर्यादा

कॅमेऱ्यामागील पडद्यावर पाहून छायाचित्र घेताना नेत्रनियंत्रण चालत नाही, कारण डोळा नेत्रिकेपाशी नसतो. आरशासारखे गडद गॉगल घातल्यासही ते निकामी ठरू शकते. एकाच कॅमेऱ्यावर अनेकजण काम करीत असल्यास प्रत्येकाचे कॅलिब्रेशन स्वतंत्र लागते. शांत निसर्गचित्रण वा स्थिर वस्तूंच्या छायाचित्रणात त्याचा विशेष लाभ नाही. तेथे बिंदू हाताने ठेवायला वेळ असतो. ज्यांच्या अंगठ्याची हालचाल मर्यादित आहे त्यांना मात्र वेगाचा प्रश्न नसतानाही ही सोय उपयोगी पडू शकते. ती मेनूतून बंद करता येते.