शिडाचा दोर आणि सायलेन्सरचं पॅकिंग

धरणगावात स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन ‘गॅस्केट’ मागितलं की काउंटरवरचा पोऱ्या जरा निरखून बघतो. ‘पॅकिंग’ म्हणा, लगेच प्रश्न येतो, “हेडचं का सायलेन्सरचं?” गॅस्केट हा खरा शब्द आणि पॅकिंग ही गॅरेजातली बोली, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. कूळ शोधायला गेलो तर उलटंच निघालं.

गॅस्केट हा मुळात दोर. सतराव्या शतकातले इंग्रज खलाशी गुंडाळलेलं शीड ज्या आखूड दोऱ्यांनी आडव्या वाशाला बांधत, त्यांचं हे नाव. त्यामागे फ्रेंच ‘गार्सेत’ असावा, असं कोशकार मानतात. त्याचा एक अर्थ बारीक दोरी, दुसरा चिमुरडी पोर. मग वाफेचं इंजिन आलं. न्यूकमेनच्या 1712 च्या इंजिनात दट्ट्याच्या कडेने हवा शिरू नये म्हणून चामड्याची चकती असे आणि वर पाणी साठवलेलं असे. जेम्स वॉटला ते पाणी नको होतं, कारण त्याने सिलिंडर थंड पडायचा. त्याच्या इंजिनात दट्ट्याभोवती वाखाची वेणी चरबीत भिजवून ठासू लागले. वेणी खलाशांच्या दोरासारखीच, म्हणून नावही तेच चिकटलं. पण केलेलं काम होतं ठासण्याचं, म्हणजेच पॅकिंगचं. आमच्या मिस्त्रीचा शब्द कामाला धरून आहे. गॅस्केट हे आडनाव शिडावरून आलेलं. त्या वेणीचा वंश अजून संपलेला नाही. लोखंडी नळाच्या आट्यांवर सफेदा लावून धागा गुंडाळणारा प्लंबर तेच करतो.

गंमत म्हणजे खानदेशात या घराण्याचा आणखी एक नातेवाईक शेताशेतात भेटतो. केळीच्या बागेत ठिबकची नळी सबमेनला जोडताना भोकात रबरी ग्रोमेट बसवतात ना, तो शब्दही जहाजावरचाच. ग्रोमेट म्हणजे दोराचं कडं, शीड अडकवायचं. जिथे समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तिथे शिडाच्या दोरांची दोन नावं रोजच्या वापरात आहेत.

दोराचं खरं दुखणं आगीपाशी सुरू झालं. पेट्रोल इंजिनातून सुटणारा धूर जोरात गाडी चालवताना 800 अंश सेल्सिअसच्याही वर जातो. वाख, कागद, रबर, सगळ्याची तिथे राख. आपल्या वैद्यांनी आगीतल्या सांध्याचा प्रश्न पूर्वीच सोडवला होता. शरावसंपुटात, म्हणजे भस्म करायच्या बंद भांड्यात, मातीच्या दोन परळ्या तोंडाला तोंड लावून ठेवायच्या, सांध्यावर मातीत बुडवलेल्या कापडाचे वेढे द्यायचे, आणि गोवऱ्यांच्या आगीत ठेवायचं. धरून ठेवायला धागा आणि आग सोसायला माती. युरोपात हे दोन्ही गुण एकाच खनिजात सापडले, ॲस्बेस्टॉसमध्ये. ऑस्ट्रियाच्या रिचर्ड क्लिंगर यांनी त्याचे तंतू रबरासोबत दाबून पत्रे काढले आणि ‘क्लिंगेरिट’ हे नाव गॅरेजागॅरेजात पोचलं. पत्रा फ्लँजवर ठेवायचा, गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने टिचक्या मारायच्या, की मापाचं पॅकिंग आपोआप सुटतं. हात बसलेल्या मिस्त्रीला त्यासाठी कात्रीही लागत नाही. पण ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो. सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 1995 रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला. आता ग्रॅफाइट आणि पोलादाचे पातळ थर ॲस्बेस्टॉसच्या जागी आले आहेत. जुनं करडं पॅकिंग खरवडायचं झालं तर ओलं करून खरवडा, फुंकर मारू नका.

एवढी वंशावळ मी शोधली ती एका जीपपायी. माझ्या जुन्या डिझेल जीपला सायलेन्सरचा बाहेरचा, कंपनीचा नसलेला पुढचा पाईप बसवला. पॅकिंग मात्र हट्टाने कंपनीचं घेतलं. बोल्ट बिनचूक बसले आणि मी खूश. आठवड्यात सकाळी गाडी सुरू केली की टिक्-टिक्, आणि तापली की आवाज गप्प. मिस्त्री ऐकूनच म्हणाला, “पॅकिंग उडी गयं, भाऊ.” उघडलं तर सांध्यावर काजळीचा काळा पट्टा आणि पॅकिंगची आतली कड जळून झिजलेली. पाईपचं भोक पॅकिंगच्या भोकापेक्षा मोठं होतं. ती कड सतत धुराच्या झोतात लोंबत होती. दोष पॅकिंगचा नव्हता, माझ्या मापाचा होता. मी बोल्टमधलं अंतर मोजलं, भोक मोजलंच नाही.

बाहेरचा पार्ट लावला की गाडीचं मॉडेल सांगून पॅकिंग मागण्यात अर्थ नसतो. पार्टच दुकानात न्यावा. बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर आणि आतलं भोक व्हर्नियरने मोजावं. सांधा सपाट आहे की गोलाकार रिंगचा, तेही बघावं. पॅकिंगचं भोक पाईपच्या भोकाइतकं किंवा केसभर मोठं असलं पाहिजे. नट आळीपाळीने आवळावेत आणि गाडी एकदा तापून गार झाली की पुन्हा बघावेत. लाल सिलिकॉनचा लेप देऊन वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत, पण मॅनिफोल्डजवळची आग त्याला झेपत नाही.

माझ्या मापाचं तयार मिळालंच नाही. शेवटी मिस्त्रीने तांब्याचा पत्रा कापला, लाल होईपर्यंत तापवला आणि पाण्यात बुडवून मऊ केला. ठोकून कडक झालेलं तांबं असं पुन्हा नरम पडतं, हे कुठलाही तांबट सांगेल. दोन उन्हाळे झाले, ते पॅकिंग अजून तसंच आहे.