देवडी आणि किल्ली

श्रोतेहो, जुन्या वाड्याला देवडी असे. आत जायचे तर पहारेकऱ्याला विचारूनच जावे लागे. संगणकातही अशी देवडी आहे, आणि तिचा इतिहास कळला की एक नेहमीची अडचण आपोआप उलगडते.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचावयास घेतली. त्यांनी एक साधी युक्ती योजली. टेप असो की छपाईयंत्र, प्रत्येक उपकरणाला फायलीसारखे नाव द्यायचे, आणि ती कोणी वाचावी, कोणी लिहावी हे तिच्यापाशीच नोंदून ठेवायचे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला, तेव्हा हीच रीत पुढे चालू राहिली.

पूर्वी एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा सारा मजकूर या गाभ्याच्या हातून जाई. त्यात वेळ मोडे. म्हणून १९९९ साली काही कंपन्या एकत्र आल्या आणि २००० साली इन्फिनिबँड या वेगवान जाळ्याचे नियम प्रसिद्ध झाले. यात देवडीवर एकदा ओळख पटली, की प्रोग्राम मजकूर थेट कार्डाच्या हवाली करतो. २००५ साली हे जाळे लिनक्सच्या २.६.११ या आवृत्तीत आले. आपल्या पुण्यात सी-डॅकने २०१३ साली उभारलेल्या ‘परम युवा-२’ या महासंगणकातही इन्फिनिबँडच होते.

आता अडचण पाहा. कार्ड बसवले, तारा जोडल्या, आणि पडद्यावर उमटले, ‘परवानगी नाही’. मग काय करावे? पुष्कळजण घाईने सर्वाधिकारी ‘रूट’ होऊन काम उरकतात. काम होते खरे, पण दोष झाकला जातो, आणि सगळ्या वाड्याच्या किल्ल्या एका प्रोग्रामच्या हाती जातात.

त्यापेक्षा क्रमाने जावे. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा देऊन कार्ड दिसते का ते पाहावे. मग ‘एलएसमॉड’ने त्याचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, जागा आहे का ते पाहावे. तो नसेल तर दारच नसते, मग किल्लीचा प्रश्न कुठला? त्यानंतर दार कोणते ते ओळखावे. ‘युव्हर्ब्ज’ नावाचे दार सहसा सर्वांना खुले असते, कारण एकाच्या मजकुरात दुसऱ्याचा हात जाऊ नये ही राखण कार्डच करते. ‘युमॅड’चे दार मात्र बहुधा बंद असते. तेथून साऱ्या जाळ्याचा कारभार हलवता येतो, म्हणून ते सरसकट उघडू नये.

दार उघडे असूनही ‘मेमरी मिळत नाही’ असे उत्तर आले, तर ‘युलिमिट’ पाहावे. कार्ड थेट स्मृतीतून मजकूर उचलते, म्हणून ती जागा हलू नये यासाठी खिळवून ठेवावी लागते. किती जागा खिळवावी याला मर्यादा असते. पुष्कळ वर्षे ती मुळात ६४ किलोबाइट असे. २०२२ च्या ५.१६ आवृत्तीपासून ती ८ मेगाबाइट झाली. मोठ्या कामाला तीही अपुरी पडते, म्हणून व्यवस्थापकाने ती नेमकी त्या कामापुरती वाढवावी.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावे, की नकार मिळाला म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे. पहारेकरी आपले काम करतो आहे. कुलूप फोडण्याआधी विचारावे, दार कोणते आणि किल्ली कोणाची?