बटणाला नाव कोणी दिले?

‘एआय एजंट’ हा शब्द आता वर्तमानपत्रांत रुळला आहे. सांगितलेले काम हे एजंट स्वतः फोन चालवून करतात: ॲप उघडतात, बटण दाबतात, रकाने भरतात. पण काचेवर कुठे काय आहे हे त्यांना कळते कसे? या साध्या प्रश्नाचा माग पिंप्राळ्यात बसून काढू लागलो, तो पुण्याच्या वाडिया महाविद्यालयापाशी पोहोचलो.

टी. व्ही. रमण यांचा जन्म १९६५चा, पुण्याचा. काचबिंदूमुळे चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी पूर्ण गेली. भाऊ आणि इतर वाचून दाखवत, हे ऐकत. अशा अभ्यासावर त्यांनी वाडियातून गणिताची पदवी घेतली, पुढे आयआयटी मुंबई आणि मग अमेरिकेतले कॉर्नेल विद्यापीठ गाठले. १९९४च्या त्यांच्या प्रबंधाचा विषय होता गणित बोलून दाखवणारी संगणकप्रणाली. तिला त्यांनी आपल्या वाटाड्या कुत्रीचे नाव दिले, ॲस्टर. त्या प्रबंधातला विचार मला फार मोलाचा वाटतो. पानावर जे दिसते ते वाचून दाखवू नका. त्यामागची रचना वाचा. अपूर्णांक म्हणजे एकाखाली एक दोन आकडे आणि मधे रेघ नव्हे, तो अंश आणि छेद यांचा संबंध आहे.

पुढे स्पर्शाचे फोन आले आणि अंधांची पंचाईत झाली. जुन्या फोनवर ५ या आकड्यावर बोटाला लागणारा बारीक उंचवटा असे. सपाट काचेवर तो गेला. तेव्हा गूगलमध्ये असलेल्या रमण आणि चार्ल्स चेन यांनी तोडगा काढला: बोट काचेवर प्रथम जिथे टेकेल तिथेच ५ समजायचा, बाकीचे आकडे त्याच्या आजूबाजूला. २००९मध्ये अँड्रॉइडवर ‘टॉकबॅक’ हे पडदावाचक आले, तेही याच प्रयत्नांतून.

पडदावाचकाला बोलायचे तर पडद्यावरची प्रत्येक वस्तू त्याला शब्दांत कळायला हवी. म्हणून ॲप आपल्या पडद्याचा एक तपशील फोनच्या प्रणालीला देते: हे बटण, हा रकाना, त्यावरचा मजकूर हा, त्याची जागा ही, ते दाबता येते की नाही. चित्राच्या बटणावर मजकूर नसतो, म्हणून त्यासाठी वर्णनाची वेगळी जागा ठेवलेली असते. २०१२मध्ये ‘यूआय ऑटोमेटर’ हे साधन आले. ॲप तपासणारे अभियंते त्यातून याच तपशिलाच्या आधारे बटणे यंत्राकडून दाबून घेऊ लागले. डिसेंबर २०२३मध्ये टेन्सेंटच्या संशोधकांनी ‘ॲपएजंट’ मांडला. हा एजंट आधी ॲप हाताळून पाहतो, कोणते बटण काय करते याची टिपणे काढतो आणि पुढचे काम त्या टिपणांवरून करतो. यंत्राने यंत्रासाठी लिहिलेली माहितीपुस्तिकाच ती! नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ जाहीर केला. त्यात प्रत्येक साधनाचे नाव, ते काय करते आणि त्याला काय पुरवायचे, हे लिहून दिले जाते. ‘इथे दाबा’, ‘हे टंका’, ‘पडद्यावरच्या वस्तू सांगा’ अशी फोनची साधने या पद्धतीने एजंटाच्या हाती देता येतात. काही एजंट पडद्याचे छायाचित्र पाहूनही काम करतात, पण नाव लिहिलेले असेल तिथे अंदाज कशाला?

आमच्याकडे आषाढी एकादशीला रथ निघतो. चाकाला मोगरी केव्हा लावायची, ही विद्या हातातून हातात आलेली. यंत्राचे तसे नाही. त्याला प्रत्येक गोष्ट लिहून द्यावी लागते.

आणि मराठीत ती लिहिलेली नाही. फोन तारेने लॅपटॉपला जोडून, विकसकांच्या ‘एडीबी’ या साधनाने मी एका लोकोपयोगी मराठी ॲपचा पडदा-तपशील काढला. वर सुबक मराठी अक्षरे. आत चित्रबटणांच्या वर्णनाची जागा ओळीने कोरी. माझ्या परिचयाचे एक दृष्टिहीन शिक्षक तेच ॲप ‘खालून दुसरे, मग उजवीकडचे’ असे पाठ करून वापरतात. ॲपची नवी आवृत्ती आली की पाठांतर फुकट. एजंटालाही तिथे चाचपडावेच लागते. फरक एवढाच, की एजंट चुकला तर बातमी होते, आणि सर गेली कित्येक वर्षे चुकत आले ती कोणी छापली नाही.

कायदा नाही असेही नाही. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. आता एजंटांसाठी का होईना, कंपन्या या कोऱ्या जागा भरतील अशी चिन्हे आहेत. माझी काळजी वेगळी आहे. त्या जागा घाईघाईने, इंग्रजीवरून शब्दाला शब्द ठेवून भरल्या जातील.

म्हणून मी त्या ॲपच्या बटणांची मराठी नावे वहीत लिहून काढली आणि सरांना वाचून दाखवली. ‘परत’ त्यांनी नाकारले: मागे जायचे की पुन्हा करायचे, ते कळत नाही, ‘मागे’ म्हणा. अर्ज धाडण्याच्या बटणाला मी ‘जमा करा’ लिहिले होते. त्याच पडद्यावर वर शुल्काचा रकाना आहे. सर म्हणाले, “हे ऐकून मी पैसे भरायला जाईन, आणि तुमचा तो एजंटही जाईल.” तिथे आता ‘अर्ज पाठवा’ आहे.