महापूर आला तरी खात्याची नोंद कशी वाचते? दोन सर्व्हरमधलं 'मिररिंग' समजून घ्या

कोल्हापूर : ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच. अशा पाण्यात बँकेचा किंवा संस्थेचा सर्व्हर बुडाला तर आपल्या खात्यावरच्या पैशाचा हिशोब कुठं शोधायचा?

यासाठीच डिस्कचं मिररिंग करतात. एका सर्व्हरच्या डिस्कवर जी नोंद होते, तीच नेटवर्कवरून लांबच्या दुसऱ्या सर्व्हरवरही लगेच लिहिली जाते. लिनक्सवर यासाठी डीआरबीडी नावाची मोफत सोय आहे. २०१० पासून ती लिनक्सच्या गाभ्यातच आली.

याचे मुख्य दोन प्रकार. पहिल्यात दुसऱ्या सर्व्हरनं 'लिहिलं' असं कळवल्याशिवाय व्यवहार पूर्ण धरत नाहीत. नोंद हरवत नाही, पण वेळ जातो. कोल्हापूर ते मुंबई केबल ४०० किलोमीटर धरली, तर प्रकाशालाही जाऊन यायला ४ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एकामागून एक लिहायचं म्हटलं तर सेकंदाला २५० च नोंदी. लाईन कितीही महागाची घ्या, हे अंतर काही कमी होत नाही. म्हणून अनेक नोंदी एकदम पाठवतात, किंवा पक्की जोडी जवळच्या शहरात ठेवतात. दुसऱ्या प्रकारात इथलं काम थांबत नाही, प्रत मागून जाते. लांबच्या ठिकाणासाठी हेच परवडतं. मात्र सर्व्हर अचानक बुडाला तर शेवटच्या काही क्षणांच्या नोंदी जातात.

खरं दुखणं लाईनचं. २४ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्सचेंजचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले, ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. मुख्य आणि जवळच्या पर्यायी केंद्रामधल्या लाईन दोन कंपन्यांच्या होत्या, तरी दोन्ही बिघडल्या. रस्त्यावरची खोदाई हे कारण एक्सचेंजनंच सांगितलं. त्यात मुख्य केंद्रातली डिस्क यंत्रणाच सर्व्हरना मिळेना. दोन कंपन्या घेऊन भागत नाही, दोन रस्ते वेगळे पाहिजेत. आपल्याकडं एकाच चरीतून किती केबली जातात, हे जेसीबीवाल्याला विचारा!

लाईन परत आल्यावर अख्खी डिस्क नव्यानं पाठवायची नसते. १०० एमबीपीएसवर १ टीबी जायला सुमारे २२ तास लागतात. मधल्या काळात कुठले भाग बदलले याची खूण ठेवली, तर तेवढेच जातात. ५ जीबी बदल असेल तर सात मिनिटांचं काम. आणि लाईन तुटल्यावर दोन्ही सर्व्हर स्वतःला मुख्य समजून वेगवेगळ्या नोंदी घेऊ लागले, तर दोन वह्या तयार होतात. कुठली खरी? हे टाळायला तिसऱ्या ठिकाणी एक छोटं मशीन साक्षीदार म्हणून ठेवतात.

मिररिंग म्हणजे बॅकअप नव्हे, हे संस्थेच्या सचिवांनी तरी पक्कं ध्यानात ठेवावं. चुकून खातं पुसलं किंवा व्हायरसनं फाईली कुलूपबंद केल्या, तर तीच घाण त्याच क्षणी दुसरीकडंही उतरते. रोजची वेगळी, लाईनला न जोडलेली प्रत लागतेच. पुढच्या वार्षिक सभेत सभासदांनी दोनच गोष्टी विचाराव्यात : आपल्या डेटाची दुसरी प्रत पूररेषेच्या बाहेर आहे का, आणि ती चालू करून शेवटचं कधी बघितलं?